लवंगेची पन्नास झाडं आणि दोन खोल्यांचं घर : सापारुआत जमीन घ्यावी का?

प्रश्न रत्नागिरीकडच्या एका तरुण जोडप्याचा आहे. दोघंही घरून काम करतात. मागच्या वर्षी इंडोनेशियात मलुकूला फिरायला गेले, सापारुआ बेटावरच्या एका गावात आठ दिवस राहिले आणि जीव तिथेच अडकला. आता विचारतायत की समुद्राजवळ दहा गुंठे जमीन, दोन खोल्यांचं घर आणि मागे लवंगेची पन्नास झाडं, एवढं जमेल का? जमीन नावावर होते का? गाव सामावून घेतं का?

मी वकील नाही. वाशीच्या मसाला मार्केटात बसतो. लवंग, जायफळ, जायपत्री हा धंदा. पहिल्यांदा अंबोनला, म्हणजे मलुकूच्या मुख्य शहरात, गेलो त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा शहरात जळक्या भिंती अजून उभ्या होत्या. १९९९ ला पेटलेली ख्रिस्ती-मुसलमान दंगल २००२ च्या मालिनो शांतता करारानंतर नुकती कुठे निवत होती. मधले दलाल टाळून माल थेट बेटावरून उचलायचा या हट्टापायी पुढची सहा-सात वर्षं मी सापारुआत महिना-महिना राहिलो. त्या हट्टात पैसे गेले ते गेले, पण जमीन म्हणजे काय हे तिथं मला नव्याने शिकावं लागलं.

उत्तर आधीच सांगतो. जमीन तुमच्या नावावर होणार नाही. घर बांधून राहता येईल. आणि लवंगेचं रोप हा शब्द पहिली दोन वर्षं तोंडातून काढू नका. का, ते कळायला थोडं लांबून यावं लागेल.

कायदा सोपा आहे, तो आधी उरकू. इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा १९६० सालचा, पाच क्रमांकाचा. पूर्ण मालकीला तिथं 'हाक मिलिक' म्हणतात. हाक म्हणजे आपला हक्कच, आणि मिलिक व आपला मालक एकाच अरबी मुळातले. ही मालकी कलम २१ प्रमाणे फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क मिळतो. त्यासाठी राहण्याचा परवाना हातात लागतो, आणि २०२१ च्या नियमांनुसार हा हक्क आधी ३० वर्षं, मग २० ची वाढ, मग ३० चं नूतनीकरण असा चालतो. परदेशी भांडवलाची कंपनी काढून बांधकामाचा हक्क घेण्याची वाटही आहे, पण तिथे गुंतवणूक १० अब्ज रुपियांच्या पुढे लागते. दोन खोल्यांसाठी ते म्हणजे मुंगी मारायला तोफ.

तिसरी वाट तुम्हाला कोणीतरी हळूच सुचवेल: जमीन एखाद्या स्थानिक मित्राच्या नावावर घ्या, बाजूला एक खासगी करार करून ठेवा. याच्या नादाला लागू नका. कलम २६ स्पष्ट सांगतं की परदेश्याला आडवाटेने मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. शेवटचे चार शब्द पुन्हा वाचा. माझ्या ओळखीच्या एका युरोपीय गृहस्थाने लोंबोकच्या किनाऱ्यावर हेच केलं. मित्र प्रामाणिक होता, पण तो वारला. त्याच्या तीन मुलांनी त्या परदेशी पाहुण्याला कधी पाहिलंही नव्हतं. दाद मागायला जावं तर आपणच कायदा मोडल्याचं लिहून द्यायचं. बिचारा सामान घेऊन निघाला.

हा झाला जकार्तातला कायदा. सापारुआच्या गावात त्याच्याखाली आणखी एक थर आहे आणि खरी गंमत तिथे आहे.

अंबोन, हारुकू, सापारुआ, नुसालाउत या चार बेटांवर डचांनी सतराव्या शतकात लवंग कोंडून घातली. इतर बेटांवरची झाडं तोडायला गावागावातून वल्हेकरी जमवून होड्यांचे काफिले निघत, त्यांना 'होंगी' म्हणत. ज्या घराने वल्हेकरी पुरवायचा, त्या घराच्या वाट्याला ठरलेले जमिनीचे तुकडे. हे 'दाती'. जमीन कुळाची, वहिवाट पुरुषवंशाकडून चालणारी, वर एक 'कपाला दाती' म्हणजे कुळाचा प्रमुख. होंगी केव्हाच संपली, पण दाती राहिली. १८१४ साली, अंबोन इंग्रजांच्या ताब्यात असताना, या तुकड्यांची नोंदवही झाली. आजही गावातल्या भांडणात लोक त्या नोंदवहीचा दाखला देतात. आमच्या गुहागरकडे जुन्या सनदेचा कागद पेटीतून निघतो, तसा.

गावाला तिथं 'नगरी' म्हणतात. शब्द आपलाच. गावप्रमुख 'राजा', तोही आपलाच. पण हा राजा रबरी चपला घालून मासळी घ्यायला जातो. कागदावर तो सरकारी गावप्रमुख आणि परंपरेने विशिष्ट घराण्यातला, असे दोन्ही. सोबत 'सानिरी' ही पंचायत, रान आणि समुद्र राखणारे 'केवांग', आणि दवंडी पिटणारा 'मारिन्यो'. गावाच्या हद्दीला 'पेतुआनान' म्हणतात आणि त्यात समोरचं समुद्राचं पाणीही धरलेलं असतं.

म्हणजे तुम्हाला आवडलेला तो दहा गुंठ्यांचा तुकडा बहुधा एका माणसाचा नाहीच. त्यावर एका कुळाचा हक्क, कुळातली निम्मी माणसं अंबोन शहरात, काही जकार्तात, आणि काही थेट नेदरलँड्समध्ये. डच सैन्यातले मलुकू सैनिक १९५१ ला कुटुंबांसह तिकडे नेले गेले, त्यांची नातवंडं. कोकणातला सामाईक सातबारा आठवा, ज्यावर सत्तावीस नावं आणि त्यातली नऊ मुंबईत. फरक एवढाच की तिथे पुष्कळ ठिकाणी तो सातबाराही नाही. गावात कोणी तुम्हाला जमीनकराची पावती दाखवील. ती पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. राजाच्या सहीचं पत्र दाखवील, तेही मालकीपत्र नव्हे. २०१७ पासून सरकारने सरसकट मोजणी करून प्रमाणपत्रं वाटायची मोठी मोहीम घेतली. काम चांगलं आहे, पण कुळाची जमीन एका भावाच्या नावावर चढली की बाकीचे भाऊ जागे होतात, हे कोकणी वाचकाला फोडून सांगायला नको.

आता झाडांकडे येतो. मला अक्कल आली ती इथे.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मी एका कुळप्रमुखाला उचल दिली. वीसेक झाडांचं पीक, वाळवून, देठ काढून मला द्यायचं. तोडणीला तिथं 'पाताह चेंग्के' म्हणतात, शब्दशः लवंग मोडणं. कळी उमलायच्या आत, हिरवट-गुलाबी असताना गुच्छ खुडायचे. संध्याकाळी ओटीवर अख्खं घर बसतं, म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत, आणि तळहातावर गुच्छ दाबून फिरवत कळ्या सुट्या करतं. देठ वेगळे, तेही विकले जातात. मग रस्त्याच्या कडेला चटया पसरायच्या आणि ऊन चांगलं असेल तर चार-पाच दिवसांत माल तपकिरी होतो. घट जबर. तीन किलो ओल्याची एक किलो वाळकी धरा. वाळली की नाही ते बघायला मी कळी दोन बोटांत धरून मोडतो. कट्ट आवाज आला तर घ्यायची, नुसती वाकली तर अजून एक दिवस.

तर तोडणीच्या तिसऱ्या दिवशी एक वयस्क बाई आली. काही बोलली नाही. कोपऱ्यातल्या तीन झाडांच्या बुंध्याशी आपली टोपली उपडी घालून तिच्यावर बसली. वर चढलेली पोरं निमूट खाली उतरली. मला कळेना. जमीन या कुळाची, हे तिलाही मान्य होतं. पण ती तीन झाडं तिच्या आजोबांनी लावलेली. त्या काळी त्यांना तिथे कसायला मुभा होती. मुभा संपली, माणूस संपला, झाडं मात्र त्याच्या वंशाचीच राहिली. जमीन एकाची, वरचं झाड दुसऱ्याचं. इंडोनेशियाच्या परंपरागत कायद्यात हे तत्त्वच आहे, आणि पुस्तकात मी ते नंतर वाचलं. त्या दिवशी मात्र मी मुंबईच्या तोऱ्यात उचलीचा कागद दाखवला. तिने तो बघितलाही नाही.

संध्याकाळी राजाच्या ओटीवर बैठक बसली. कॉफी आली, साबुदाण्याच्या झाडाच्या पिठाची कडक पाव-वडी आली, तासभर कोणाच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं ते झालं. मग दहा मिनिटांत निकाल. तीन झाडांचा माल बाईचा, तोडणीची मजुरी तिने पोरांना द्यायची, परदेशी माणसाची उचल कुळप्रमुखाने पुढच्या पिकातून फेडायची. पुढचं मोठं पीक यायला तीन वर्षं गेली. लवंग दरवर्षी सारखी लागत नाही. पण पैसे आले, पूर्ण आले.

हे एवढं रामायण सांगितलं कारण त्याचं दुसरं टोक तुमच्या पन्नास झाडांना येऊन भिडतं. झाड लावलं की झाडावर हक्क तयार होतो, आणि तो लावणाऱ्याच्या वंशात राहतो. म्हणून बाहेरच्याला कसायला जमीन देताना गाव सांगतं: मका लाव, रताळी लाव, केळीसुद्धा चालेल, पण लांब आयुष्याचं झाड लावायचं नाही. लवंग, जायफळ, नारळ, डुरियन बंद. आपल्याकडे हौसेने आंब्याचं कलम लावणं ही प्रेमाची खूण. तिथे तेच रोप म्हणजे जमिनीत ठोकलेली खुंटी. तुम्ही भाबडेपणाने पन्नास लवंगा म्हणालात की समोरचा हसेल, विषय बदलेल, आणि दुसऱ्या दिवसापासून घराबद्दलही कोणी बोलणार नाही.

आणि आपल्या स्वतःच्या झाडावरही आपली सत्ता पूर्ण नसते. 'सासी' ऐकलं असेल. ठरावीक मुदतीसाठी नारळ, जायफळ किंवा समुद्राचा एखादा तुकडा बंद करतात. कोवळी नारळाची झावळी खांबाला बांधली की बंदी लागली. सापारुआच्या ख्रिस्ती गावांत पुष्कळदा हे चर्चमधून जाहीर होतं. देवाचं नाव घेतल्यावर केवांगची निम्मी राखण आपोआप होते. शेजारच्या हारुकू गावात लोम्पा नावाच्या लहान माशांची सासी आहे. पिल्लं नदीच्या मुखात शिरली की नदी बंद, मासा मोठा झाला की एका पहाटे ढोल वाजतो आणि अख्खं गाव टोपल्या-जाळी घेऊन पाण्यात. त्यांच्या केवांगला १९८५ ला सरकारचा कल्पतरू पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं नाव मी बनवलेलं नाही, खरंच कल्पतरू.

माझा अनुभव मात्र कमी गौरवाचा. सासी चालू असताना वाटेत पडलेला नारळ मी उचलला. झाड माझ्या घरमालकिणीचंच, म्हटलं तिचं काम वाचवू. ती दारात उभी राहून ओरडली, "ठेव तिथेच!" मालकीण असून तीही तो उचलू शकत नव्हती. मी ठेवला, पण तोवर केवांगच्या पुतण्याने पाहिलं होतं. दंड झाला.

या घरमालकिणीला मी मामा म्हणतो. हसू नका, अंबोनच्या बोलीत मामा म्हणजे आई. पहिल्यांदा हाक मारताना माझी जीभ अडखळली होती. वडीलधारा पुरुष 'बापा', थोरली बहीण 'उसी', थोरला भाऊ 'बुंग'. कोणालाही नुसत्या नावाने हाक मारू नका. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न 'फाम' कोणतं, म्हणजे आडनाव, म्हणजे कुळ. मी चिपळूणकडची आडनावं आणि गावं कशी जुळतात ते सांगितलं तेव्हा बापा राजा पहिल्यांदा माझ्याशी मन लावून बोलले.

गाव सामावून घेतं का, या प्रश्नाचं माझं उत्तर: घेतं, पण एका ठरलेल्या खणात. मूळचे ते 'अनाक नगरी', बाहेरून येऊन राहिलेले ते 'ओरांग डागांग'. डागांग म्हणजे व्यापार. मी तर दोन्ही अर्थांनी डागांग. या खणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो, पोरं तिथेच वाढतात, अंत्ययात्रेला अख्खं गाव येतं. पण राजाच्या निवडीत किंवा कुळाच्या जमिनीत त्याचा शब्द नाही. याचा त्रास होणार असेल तर जाऊ नका. मला कधी झाला नाही, कदाचित परत यायला वाशी होती म्हणून.

घर बांधाल तेव्हा 'मासोही' बघायला मिळेल. स्लॅब घालायच्या दिवशी गाव येतं, मजुरी कोणी मागत नाही, जेवण मात्र तुमचं: पापेदा, म्हणजे साबुदाण्याच्या झाडाच्या पिठाची चिकट खळ, आणि पिवळ्या रश्श्यातला मासा. पापेदा चावायचा नसतो, ओढून गिळायचा. पुढे दुसऱ्याच्या स्लॅबला तुम्ही गेला नाहीत, तर कोणी काही म्हणणार नाही. फक्त तुमचं छप्पर गळेल तेव्हा शिडी सापडणार नाही. अशा देवघेवीची मोठी आवृत्ती म्हणजे 'पेला'. दोन गावांचं, कित्येकदा एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान, भावकीचं नातं. चर्च बांधायला मुसलमान गाव येतं, मशिदीला ख्रिस्ती. अशा दोन गावांत लग्नं होत नाहीत, कारण ती भावंडं.

घर कशाचं बांधावं? २६ सप्टेंबर २०१९ चा भूकंप लक्षात ठेवा. अंबोन, हारुकू, सेरामला मोठा फटका बसला, आणि लाटेच्या भीतीने लोक आठवडेच्या आठवडे डोंगरावर ताडपत्रीखाली राहिले. जड विटांपेक्षा हलकं छप्पर आणि लाकडी सांगाडा बरा. आणि अगदी वाळूला खेटून नको. सरकारी नियमही भरतीच्या रेषेपासून किमान १०० मीटरचा किनारपट्टा राखायला सांगतो.

पाऊस आपल्या ओळखीचा आहे. बहुतेक इंडोनेशियात डिसेंबर-जानेवारीत पाऊस, पण अंबोनकडे मे ते ऑगस्ट, अगदी कोकणासारखा. तेव्हा समुद्र खवळतो. आणि हॉस्पिटलचं मोठं काम निघालं तर सापारुआतल्या हारियाच्या धक्क्यावरून स्पीडबोटीने अंबोन बेटावरचं तुलेहू, तिथून गाडीने अंबोन शहर. जुलैच्या रात्री हा प्रवास मी एकदा तापात फणफणलेल्या माणसासोबत केलाय. बोटवाल्याने तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा निघाला. तुम्ही तरुण आहात, तरी हे आधी धरा. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर दुप्पट धरा.

लवंगेवर जगू, असंही मनात असेल तर तेही काढा. भाव कोसळायला राजकारण पुरतं. नव्वदच्या दशकात सुहार्तोंच्या धाकट्या मुलाच्या हाती लवंगखरेदीची मक्तेदारी होती, तेव्हा कित्येकांनी झाडावरची लवंग तोडलीच नाही. तोडणीची मजुरी सुटत नव्हती. १९९८ ला नाणेनिधीच्या अटींखाली ती मक्तेदारी मोडली. देशातली बहुतेक लवंग तिथल्या क्रेतेक, म्हणजे लवंग घातलेल्या, सिगारेटींत जळते, त्यामुळे सिगारेटवाल्यांनी हात आखडला की गावात चटया रिकाम्या.

इकडची बाजू थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणजे पैशाची अडचण नाही. पण तिकडे कसलाही हक्क किंवा खातं झालं की इकडच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवा. ते विसरलात तर दंड नारळाएवढा नसतो.

मी तुमच्या जागी असतो तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात गेलो असतो. पहिल्या दिवशी राजाकडे, हात रिकामे न ठेवता. वर्षभर एक खोली भाड्याने. परवाना नीट काढून. रविवारी काम बंद, चर्चला जायचं नसलं तरी अंगणात ठोकाठोक करायची नाही. वर्षभरानंतर, ज्या कुळाशी पटलं त्यांच्याशी भाड्याच्या जागेवर घर बांधायची गोष्ट काढायची. कुळप्रमुख एकटा हो म्हणाला तर थांबायचं. शहरातल्या भावांनीही सही केली, सानिरीसमोर वाचून झालं आणि अंबोनच्या नोटरीकडे नोंदलं, तरच पैसे. करारात लिहून घ्या की मुदत संपल्यावर घराचं काय. आणि वरची झाडं कोणाची, ती एकेक मोजून, बुंध्याला हात लावत विचारा, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला सोबत घेऊन.

राहायला मामाकडे जा, हारियाच्या धक्क्यावर वाशीचा लवंगवाला म्हटलं की घर दाखवतील. त्या नारळाच्या दंडाचे पैसे तिनेच भरले होते, आणि गेल्या खेपेलाही घ्यायला तयार झाली नाही. जाताना तिच्यासाठी अर्धा किलो हिरवी वेलची घेऊन जा, मी देतो.